गाढवाच्या पाठीवर जखमा का होतात? खोगीर, तंग आणि पट्टे बसवायची बरोबर पद्धत काय?

एक फोटो तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. गाडीच्या मागच्या बाजूला एवढा माल भरलाय की पुढच्या दांड्या वर गेल्यात आणि त्या दांड्यांना जुंपलेलं गाढव चारही पाय सोडून हवेत लटकतंय. हसणाऱ्या इमोजींसोबत असे फोटो दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतात.

पण त्या क्षणी त्या गाढवाचं सगळं वजन पोटाखालच्या एका पट्ट्यावर आलेलं असतं. फोटोत दिसते ती गंमत, पट्टा काढल्यावर दिसते ती जखम.

गाढवाच्या अंगावरची जखम बघितली की आपण म्हणतो, "किती ओझं लादलं असेल बिचाऱ्यावर." ते बऱ्याचदा खरंही असतं. पण नेमात बसणारं ओझं असूनही गाढवाची पाठ सोलवटते आणि त्याचं कारण असतं साज चुकीचा बसणं. साज म्हणजे खोगीर, तंग, छातीचा पट्टा, दुमची, म्होरकी असं सगळं सामान. हे सामान नीट कसं बसवायचं, हे आता फार कमी लोकांना माहीत आहे.

बदलापूर आणि बदललेले घोडे

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरच्या बदलापूरचं नाव कसं पडलं, याची एक गोष्ट गावात सांगितली जाते. जुन्या काळी या वाटेनं जाणारे व्यापारी आणि सैन्य इथे थांबायचे, दमलेले घोडे सोडायचे आणि ताजे घोडे घ्यायचे. घोडे बदलायचं गाव म्हणून बदलापूर. इतिहासाच्या पुराव्यात ही गोष्ट किती टिकते हा वेगळा विषय, पण गाव आजही ती अभिमानाने सांगतं.

घोडा बदलायचा म्हणजे काय करायचं? एकाच्या पाठीवरचं खोगीर उतरवायचं आणि दुसऱ्याच्या पाठीवर चढवायचं. म्हणजे गोष्ट खरी धरली तर जनावराच्या पाठीवर साज कसा बसवायचा, हे या गावातल्या माणसांच्या हातात मुरलेलं असणार.

आता बदलापूर पश्चिमेला बेलवलीत उभं राहिलात तर चहूबाजूंनी इमारती दिसतात. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतलं हे जुनं गाव कधीच शहरात मिसळून गेलंय. या इमारतींना लागणारी वीट मात्र कुठून तरी येते. अंबरनाथ, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर या ठाणे जिल्ह्याच्या पट्ट्यात वीटभट्ट्यांचा धंदा जुना आहे. दिवाळीनंतर भट्ट्या लागतात आणि पाऊस तोंडावर आला की बंद होतात. ट्रॅक्टर आणि टेम्पोंनी बरंचसं काम घेतलं असलं तरी महाराष्ट्रात जिथे वाट अरुंद आहे, चढ आहे किंवा चाक रुततं, तिथे अजूनही गाढवच माती, वाळू आणि विटा वाहतं.

महाराष्ट्रात गाढवं कोणाकडे असतात?

कुंभार, परीट, वडार, बेलदार, कैकाडी या समाजांचा आणि गाढवाचा संबंध पिढ्यान् पिढ्यांचा आहे. वडार समाजात तर कामावरूनच पोटभेद पडले. गाड्यांवरून दगड वाहणारे गाडी वडार आणि मातीकाम करणारे माती वडार. माती वडारांचं मातीकाम गाढवांच्या जोरावरच चालायचं.

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेतही गाढवांची खरेदी-विक्री होते. हे बाजार अजून टिकून आहेत, पण गाढवं झपाट्याने कमी होतायत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती. २०१९ च्या गणनेत हा आकडा सुमारे १ लाख २० हजारांवर आला. सात वर्षांत ६१ टक्के घट.

गाढवं कमी झाली तसा त्यांचा साज शिवणारा कारागीरही कमी झाला. मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. जनावरांचे हाल बघता तो निर्णय गरजेचा होता असं अनेकांना वाटतं, पण अशा गाड्यांसोबत चामड्याचे पट्टे मापाने शिवणारे हातही बाजूला पडतात. परिणाम असा की आज गाढवाच्या पाठीवर जे दिसतं ते बहुतेक वेळा जुगाड असतं. सिमेंटची रिकामी गोणी, नायलॉनची दोरी, टायरची ट्यूब आणि तारेची गाठ.

घोड्याचा किंवा बैलाचा साज गाढवाला का चालत नाही?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. "लहान घोडाच तर आहे" असं समजून गाढवाला घोड्याचं सामान चढवलं जातं, नाहीतर बैलाचं जू मानेवर टाकलं जातं.

बैलाला वशिंड असतं. मान जाड आणि रुंद असते. जू वशिंडाच्या पुढे अडकतं आणि बैल मानेने रेटतो. गाढवाला वशिंड नसतंच. मान बारीक असते. जू ठेवलं तर ते अडकायला जागाच नसते. ते मागे-पुढे घसरत राहतं आणि थेट हाडावर घासतं.

घोड्याच्या मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मध्ये एक चांगला उंचवटा असतो. खोगीर त्याच्या मागे बसतं आणि पुढे सरकत नाही. गाढवाचा हा उंचवटा अगदी बसका असतो. पाठ सरळ फळीसारखी, छाती अरुंद आणि पोट मात्र गोल. त्यामुळे उतार लागला की गाढवाच्या पाठीवरचं खोगीर सरळ मानेकडे घसरतं. ते घसरू नये म्हणून मालक काय करतो? तंग आणखी आवळतो. आणि काखेमागची कातडी सोलवटते.

दुसरी गोष्ट स्वभावाची. गाढवाचं मूळ आफ्रिकेतलं. जगातली सगळी पाळीव गाढवं सुमारे ७,००० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसाळवलेल्या गाढवांचे वंशज आहेत, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आढळलं. कोरड्या, उघड्या प्रदेशातलं हे जनावर दुखणं दाखवत नाही. घोडा उधळतो, लाथा झाडतो. गाढव गप्प उभं राहतं. आपण त्याला हट्टी म्हणतो, वर दोन फटके देतो. पण चालता चालता अचानक अडून बसलेल्या गाढवाचा पट्टा आधी सोडून बघावा. अनेकदा हट्टाचं कारण पट्ट्याखालीच सापडतं.

आधी हात फिरवा, मग साज चढवा

साज बसवण्याची सुरुवात साजापासून होत नाही, गाढवाच्या अंगावर हात फिरवण्यापासून होते. पाठीच्या कण्यावर हात फिरवला की कडक हाडांची रेघ लागते. तिच्या दोन्ही बाजूंना मऊ, भरलेलं मांस लागतं. नियम एवढाच आहे की वजन मांसावर यायला हवं, हाडावर नाही.

जिथे दाब अजिबात येऊ द्यायचा नाही अशा जागा मोजक्या आहेत. पाठीचा कणा. मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा. खांद्याचं पुढे आलेलं टोक. गळ्यातली श्वासनळी. पुढच्या पायाच्या कोपरामागची पातळ कातडी. शेपटीच्या खालची जागा. आणि नाकाचा खालचा मऊ भाग.

हात फिरवताना आणखी एक गोष्ट दिसेल. काही गाढवांच्या पाठीवर किंवा छातीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतात. जिथे पूर्वी खोल जखम होऊन भरली, तिथे बऱ्याचदा केस पांढरेच उगवतात. म्हणजे हे ठिपके आधीचा साज कुठे चुकला होता याचा नकाशाच आहे. जेजुरीच्या किंवा मढीच्या बाजारात गाढव घेताना दात बघतात तसे हे ठिपकेही बघायला हवेत.

वयाचंही तेच. गाढवाची हाडं पक्की व्हायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. त्याआधी जड कामाला लावलं तर साज कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

खोगीर: भरतीतच सगळं आहे

मराठीत निरुपयोगी माल कोंबण्याला आपण "खोगीरभरती" म्हणतो. खोगिराच्या आत काहीही चिंध्या-गवत भरलं तरी चालतं, बाहेरून कोणाला दिसत नाही, यावरून हा शब्द आला. गाढवाला विचारलं असतं तर त्याने हा वाक्प्रचार कधीच मान्य केला नसता. कारण त्याच्यासाठी खोगिरातली भरतीच सगळ्यात महत्त्वाची.

चांगलं खोगीर म्हणजे दोन लांबट उशा. एक कण्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. मधे मोकळी पन्हाळ. खोगीर चढवल्यावर पुढून डोळा लावून बघितलं तर मागचा उजेड दिसला पाहिजे. आणि हे ओझं ठेवल्यावरही दिसलं पाहिजे, कारण रिकामं खोगीर वर राहतं आणि वजन पडलं की खाली बसतं.

भरतीसाठी बदलापूर-मुरबाड भागात सहज मिळणारा भाताचा पेंढा चालतो. तो कोरडा हवा आणि त्यात काटे-काड्यांची टोकं नकोत. अंगाला लागणारी बाजू सुती कापडाची हवी. वरून गोणपाट चालेल. सिमेंटची प्लास्टिक गोणी मात्र कातडीला लावायची नाही. तिच्यात घाम कोंडतो आणि उरलेली सिमेंटची पूड घामात भिजून कातडी जाळते.

भरती काही दिवसांनी दबते, एका जागी गोळा होते. म्हणून खोगीर अधूनमधून उघडून भरती पिंजून पुन्हा भरावी लागते. गादी पिंजतो तसंच.

तंग किती आवळायचा?

खोगीर जागेवर धरणारा पोटाखालचा पट्टा म्हणजे तंग. तो कोपराला चिकटून बांधायचा नाही. कोपर आणि तंग यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवायचं. बांधल्यावर तंग आणि अंग यांच्यात सपाट हात सरकला पाहिजे. हात जातच नसेल तर जास्त आवळलाय, मूठ जात असेल तर ढिला आहे.

तंग दोरीचा नको, रुंद पट्ट्याचा हवा. जुन्या खाटांना लावायची सुती नवार यासाठी झकास. रुंद असल्यामुळे दाब पसरतो आणि धुताही येते. नायलॉनची बारीक दोरी ओझं पडलं की सुरीसारखी काम करते. ट्यूबची पट्टी ताणते, पण तिच्याखाली घाम सुकत नाही आणि रबर केस ओढत राहतं.

गाढव दहा-पंधरा मिनिटं चाललं की तंग थोडा सैल पडतो. म्हणून पहिल्यांदाच करकचून बांधण्यापेक्षा थोडं चालवून मग पुन्हा एकदा बघायचं.

गाडी ओढताना जोर कुठून लागतो?

महाराष्ट्रात गाढव मुख्यतः पाठीवर वाहतं. उत्तरेत राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश या भागांत गाढवगाड्या जास्त दिसतात. रस्ता बरा असेल तर गाडी गाढवासाठी पाठीवरच्या ओझ्यापेक्षा सोपी, कारण वजन चाकं उचलतात. पण ही सोय साज बरोबर असेल तरच मिळते.

गाढव गाडी ओढतं ते छातीने. म्हणून छातीचा पट्टा हा गाडीच्या साजाचा मुख्य भाग. हा पट्टा किमान चार बोटं रुंद, आतून मऊ आणि आडवा सरळ असायला हवा. त्याची जागा नेमकी आहे. वर श्वासनळी आणि खाली खांद्यांची टोकं, या दोहोंच्या मधली पट्टी. वर गेला तर गाढवाचा श्वास कोंडतो. खाली गेला तर पाऊल पुढे टाकताना खांदा अडतो. पट्टा खाली घसरू नये म्हणून मानेवरून एक हलका पट्टा घेऊन त्याला टांगतात. या मानेच्या पट्ट्यावर फक्त छातीच्या पट्ट्याचं वजन असतं, ओढण्याचा जोर नाही.

छातीच्या पट्ट्यापासून गाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी ओढपट्टे जातात. दोन्ही अगदी सारख्या लांबीचे हवेत. एक बोटभर जरी लहान झाला तरी त्या बाजूचा खांदा जास्त काम करतो. गाडीला ते कुठे बांधायचे हेही महत्त्वाचं. खूप वर बांधले तर छातीचा पट्टा गळ्याकडे ओढला जातो, खूप खाली बांधले तर खांद्यावर येतो. छातीपासून किंचित उतरती, सरळ रेघ दिसली की समजायचं जमलं.

आता इथे एक छोटी पण फार कामाची युक्ती आहे. गाढव चालतं तेव्हा त्याचा एक खांदा पुढे जातो, मग दुसरा. ओढपट्टे गाडीला पक्के बांधले असतील तर प्रत्येक पावलाला छातीचा पट्टा करवतीसारखा इकडून तिकडे घासतो. दिवसाला हजारो पावलं. जखम होणारच. त्यावर उपाय म्हणजे ओढपट्टे थेट गाडीला न बांधता एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना बांधायचे आणि ती दांडी मधोमध एका खिळ्यावर फिरती ठेवायची, तराजूच्या दांडीसारखी. खांदा पुढे गेला की दांडीही तेवढी वळते आणि पट्टा छातीवर जागचा हलत नाही. एक लाकडी दांडी आणि एक बोल्ट, एवढंच सामान.

आणि ब्रेक कुठून लागतो?

दुचाकी गाडीला ब्रेक नसतो. उतारावर गाडी पुढे ढकलते तेव्हा तिला थोपवतं ते गाढवच. हा जोर पाठीमागून, पुठ्ठ्यावर घ्यायचा असतो. त्यासाठी पुठ्ठ्याचा आडवा पट्टा लागतो. अनेक जुगाडू साजांत हा पट्टा नसतोच. मग उतारावर गाडी सरळ खोगिराला ढकलते, खोगीर मानेवर चढतं किंवा दांडी मागच्या पायांवर आदळते.

हा पट्टा शेपटीच्या मुळाच्या बराच खाली, मांडीच्या भरीव मांसावर आडवा बसतो. फार वर बांधला तर शेपटीखाली सरकतो. फार खाली बांधला तर उतारावर मागचे पायच पुढे लोटले जातात. गाढव ओढत असताना हा पट्टा सैल असावा, अंग आणि पट्टा यांच्यात तळहात सहज फिरावा.

खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतात ती दुमची. ती मऊ, गोल आणि स्वच्छ हवी. शेपटीखालची कातडी फार नाजूक असते, तिथे बारीक दोरी म्हणजे हमखास जखम. चढ-उताराच्या कामात पाठीवर ओझं वाहणाऱ्या गाढवालाही दुमचीपेक्षा पुठ्ठ्याचा रुंद पट्टा जास्त मानवतो.

दांड्यांचा तोल

आता सुरुवातीच्या फोटोकडे परत येऊ. दोन चाकांची गाडी म्हणजे झोपाळ्याची फळी. माल पुढे जास्त झाला तर दांड्या गाढवाची पाठ दाबतात. मागे जास्त झाला तर दांड्या वर उठतात आणि पोटाखालचा पट्टा गाढवाला उचलतो. माल चाकांच्या आसावर, मधोमध ठेवायचा. गाडी भरल्यावर दांड्या हाताने उचलून बघायच्या. एका हाताने सहज उचलल्या आणि सोडल्यावर हळूच खाली आल्या तर तोल बरोबर.

माल उतरवतानाही हाच नियम. पुढच्या विटा आधी काढत गेलात तर मागचं वजन वाढतं आणि फोटो तयार होतो. उतरवताना गाढव सोडून घेणं सगळ्यात चांगलं.

तोंडावरचा साज

गाढवाला तोंडात लोखंडी लगाम लागतोच असं नाही. बहुतेक गाढवं साध्या म्होरकीवर चालतात. म्होरकीचा नाकावरचा पट्टा हाडाच्या भागावर हवा, खाली मऊ भागावर नाही, कारण तिथे दाब पडला तर श्वास अडतो. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. म्होरकी चढवताना लांब कान ओढून-मुरडून आत घालायचे नाहीत, वरचा पट्टा सोडून कानांमागे बांधायचा. ज्या गाढवाचे कान रोज पिरगाळले जातात, ते डोक्याला हात लावू देत नाही आणि मग आपण त्याला पुन्हा हट्टी म्हणतो.

आणखी एक नियम सुरक्षेचा. गाढव दांड्यांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत म्होरकी काढायची नाही. गाडी मागे लागलेली आणि डोकं मोकळं, अशा अवस्थेत ते बिचकलं तर आवरणार कोण?

घाम खोटं बोलत नाही

साज बरोबर बसला की नाही, हे काम संपल्यावर कळतं. खोगीर उतरवलं की पाठ बघायची. दोन्ही बाजूंना घामाचे सारखे ओले डाग दिसले तर उत्तम. पण ओल्या भागाच्या मधोमध एखादा कोरडा ठिपका असेल तर सावध व्हायचं. तिथे दाब जास्त पडलाय. आज तिथे जखम नाही, पण तसंच चालू राहिलं तर लवकरच होईल.

मग तळहात फिरवायचा. गरम जागा, सूज, विस्कटलेले किंवा तुटलेले केस, हात लावताच थरथरणारी कातडी ही जखमेच्या आधीची लक्षणं. या वेळी भरती बदलली, पट्टा दोन बोटं सरकवला तर काम भागतं.

जखम झालीच तर लोक तिच्यावर आणखी एक गोणपाट टाकतात आणि काम चालू ठेवतात. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यावर पाय जास्त दुखतो की कमी? इथेही तेच होतं. जखमेवर साज लागताच कामा नये. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं, माश्यांपासून जपायचं आणि गाढवाला सुट्टी द्यायची. जळकं ऑइल, चुना असले उपाय टाळायचे. घोडा-गाढवांना धनुर्वाताचा धोका मोठा असतो, म्हणून जखम खोल असेल तर पशुवैद्यकाला बोलवायलाच हवं. आणि जखम भरल्यावर साज न बदलता तसाच चढवला तर ती त्याच जागी परत येणार.

कायदा काय सांगतो?

ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यानुसार गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो ओझं चालतं. एक भाजलेली वीट साधारण तीन किलोची धरली तर हा हिशेब सोळा विटांचा होतो. ओली, कच्ची वीट आणखी जड, म्हणजे संख्या आणखी कमी.

याच नियमांनुसार जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद. बदलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि भट्ट्यांचा हंगामही तेव्हाच जोरात असतो, हे लक्षात घेतलं तर या नियमाचं महत्त्व कळेल. काम संपल्यावर जनावराला जुंपलेलंच ठेवायला आणि टोचणारा, इजा करणारा साज वापरायलाही मनाई आहे.

जखमी किंवा आजारी जनावराला कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा कायद्यात अजून तसाच आहे. त्यामुळे केवळ कायद्याच्या धाकाने गाढवाची पाठ वाचेल, असं समजण्यात अर्थ नाही.

मालकाच्या बाजूनेही बघा

भट्टीवर गाढवं घेऊन येणारं कुटुंब बहुतेकदा हंगामाआधी उचल घेऊन आलेलं असतं. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. गाढव एक दिवस बसलं तर त्या दिवसाची कमाई बसली. "सुट्टी द्या" असं म्हणणं आपल्याला सोपं आहे.

पण हाच हिशेब उलट्या बाजूनेही मांडता येतो. सोलवटलेली पाठ भरायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. त्या तुलनेत रुंद नवार, सुती कापड, पेंढा आणि सुई-दोरा यांचा खर्च किती? खोगीर उघडून भरती सारखी करायला एक संध्याकाळ पुरते. नीट बसलेल्या साजामुळे गाढवाचा त्रास वाचतो आणि मालकाचे खाडेही वाचतात.

या प्रश्नावर दुसराही मार्ग शोधला जातोय. सांगली-सोलापूर भागात 'अॅनिमल राहत' ही संस्था काम करणाऱ्या जनावरांवर उपचार करते आणि वीटभट्ट्यांवर गाढवांच्या जागी यंत्रं आणायचाही प्रयत्न करते. कदाचित पुढच्या काही वर्षांत गाढव या कामातून सुटेलही. पण आज सकाळी ज्याच्या पाठीवर खोगीर चढलं, त्याला पुढच्या काही वर्षांचा उपयोग नाही.

तुम्हाला असं गाढव दिसलं तर?

बेलवलीत असो की आणखी कुठे, जखमी गाढव दिसलं की पहिला हात मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे जातो. व्हिडिओ व्हायरल होतो, कमेंटमध्ये मालकाला शिव्या पडतात आणि गाढव दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात कामावर येतं.

त्याऐवजी आधी मालकाशी बोला. जखम नेमकी कुठे आहे ते बघा. कण्यावर असेल तर खोगिराची भरती बसलीय. कोपरामागे असेल तर तंग पुढे किंवा घट्ट आहे. छातीवर असेल तर पट्टा घासतोय. शेपटीखाली असेल तर दुमची बदलायला हवी. एवढं नेमकं सांगणाऱ्या माणसाचं मालक ऐकून घेण्याची शक्यता जास्त. उपचारासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखानाही आहेच. हेळसांड मुद्दाम आणि सतत होत असेल तर मग पोलिसांकडे तक्रार करायचा मार्ग मोकळा आहे.

काशीहून रामेश्वराला न्यायची गंगा एकनाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आज तेवढं मोठं काही करायची गरज नाही. काम संपल्यावर खोगीर उतरवायचं आणि पाठीवरून एकदा तळहात फिरवायचा. कुठे दुखतंय ते गाढव तोंडाने सांगणार नाही, पण हाताला ते कळतं.